चाल परत द्यायची सोय

दीपाली हेरवाडे फळ्यावर एकेक सेटिंग लिहीत खाली येत गेली आणि शेवटी तिला उकिडवं बसून लिहावं लागलं. तरी सगळ्या मावल्या नाहीत. उरलेल्या तिनं फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहिल्या.

"काका," ती उठून हात झटकत म्हणाली, "मी हा प्रोग्रॅम माझ्या सासूबाईंना दिला होता. जेवण झाल्यावर बसल्या. चहाच्या वेळेला विचारलं, जिंकलात का. तर म्हणाल्या, अजून खेळ कुठं सुरू झालाय, तो विचारतोय त्याची उत्तरं देतेय मी."

उपळेकर सर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याला जे पाहिजे ते त्यानं आधी सांगावं आणि मग खेळावं, असं मी तो प्रोग्रॅम लिहिताना धरून चाललो होतो.

ही गोष्ट सांगलीतली आहे आणि तिला आता बरीच वर्षं झाली. मी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो. ऊसबिलं आणि पगारपत्रकं काढायचे प्रोग्रॅम लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. 'सोंगटी' हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम मी घरी, हौसेनं लिहिला. सगळा मराठीत. कुणी काही मागितलं की त्यात घालायचो. निवृत्त झाल्यावर दीपालीनं तो मागितला. ती पूर्वी माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून होती; आता तिची स्वतःची छोटी कंपनी होती. मोबाईलवर आणू, पोरांना मराठीत खेळता येईल, असं तिचं म्हणणं. पण त्याआधी सेटिंग कमी करायला पाहिजेत, कारण प्रत्येक सेटिंग चालू ठेवून आणि बंद ठेवून सगळं पुन्हा तपासावं लागतं आणि तेवढी माणसं तिच्याकडं नव्हती.

म्हणून आम्ही तिघं उपळेकर सरांच्या बुद्धिबळाच्या क्लासात जमलो होतो. क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची, पटावरच्या सोंगट्या हळूहळू घर सोडायच्या, आणि काळ्या सोंगट्या ज्वारीच्या पिठानं करड्या व्हायच्या. सर दर तासाच्या आधी त्या फडक्यानं पुसायचे. भाडं कमी होतं.

फळ्याच्या मधोमध 'चाल परत द्या' अशी एक ओळ होती. ती सोय मी माझ्या बायकोसाठी, शालनसाठी, केली होती. शालनला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. बाकीचं सगळं पुसलं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मी तिथं गेलो होतो तो त्या एका ओळीचं काय होतं ते बघायला.

दीपालीनं नियम सांगितला. ज्यानं सेटिंग केली तो सोडून खोलीतल्या कुणीतरी म्हणायला पाहिजे की मी ही वापरीन. असं कुणी म्हणालं तर ती राहील. नाहीतर फडकं. राहिलेल्या प्रत्येकीसाठी दुसरा प्रश्न, पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडल्यावर ती चालू असावी की बंद.

"चालेल ना काका?"

मी म्हटलं, चालेल. नियम चांगला होता. तिच्या जागी मी असतो तर हाच केला असता.

सुरुवात देशी नियमांपासून झाली. जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आमच्या कारखान्याच्या जुन्या शेती अधिकाऱ्यांनी ती सोय मागून घेतली होती. सर म्हणाले, "माझ्या क्लासातला एक पोरगा आजोबांकडून हे शिकून आला आणि स्पर्धेत राजा उडवला त्यानं. पंचानं मला बोलावून विचारलं, हे तुम्ही शिकवता का?" फडकं फिरलं. शेती अधिकारीही वारले होते.

घड्याळ राहिलं, सुरुवातीला बंद. हत्तीची सोंड दिसावी की नुसता बुरूज, ही सेटिंग गेली, सोंड राहिली. आपली चाल मागं घ्यायची सोय राहिली. तिच्यावर सरांनी बराच वेळ भाषण केलं की हात लावला ती सोंगटी हलवायलाच पाहिजे, ही सवय कशी जाते, पण दीपाली म्हणाली की मी वापरीन, मला तिच्याशिवाय खेळताच येत नाही. सुरुवातीला चालू.

मग आवाज. शह बसला की प्रोग्रॅम "शह" असं म्हणायचा. तो आवाज माझा होता. दीपालीनं लॅपटॉपवर वाजवून दाखवला. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग पुन्हा वाजवला.

"काका, मागं कुकरची शिट्टी आहे."

"असेल."

"प्रत्येक शहाला शिट्टी होतेय."

मी म्हटलं, एकदाच रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळं तीच सगळीकडं येणार. सर म्हणाले, पोरं दचकतील. ती ओळ पुसली. दीपालीनं पुसताना मला विचारलं, कुकर कसला होता. मी म्हटलं, वरणाचा.

यानंतर ती 'चाल परत द्या'पाशी आली आणि थांबली. तिनं सरांकडं बघितलं. सर खिडकीकडं बघत म्हणाले, "ही मी वापरीन." दीपाली लगेच म्हणाली, "मीही वापरीन. राहिली. पुढं."

मला ते आवडलं नाही. दोघांनी येण्याआधीच ठरवलं होतं. कदाचित फोनवर बोलले असतील, की काकूंची आहे, ती तेवढी राहू दे. लोक त्या दिवसांत माझ्याशी असंच वागायचे. दुकानदार मला नारळ निवडून द्यायचा. बँकेत मला पुढं बोलवायचे. ती ओळ राहावी असं मला वाटत होतं. पण अशी नको होती.

मी विचारलं, "सर, ही सेटिंग काय करते?"

सर म्हणाले, "चाल परत... देते."

"कुणाची?"

त्यांना माहीत नव्हतं. दीपालीलाही धड सांगता येईना. म्हणून मी सांगितलं.

शालन बुद्धिबळ तिच्या वडिलांकडून शिकली होती. अंकलीला त्यांच्या घरी रोज संध्याकाळी पट मांडला जायचा. माझ्यापेक्षा ती बरी खेळायची, पण तिची एक तऱ्हा होती. समोरच्यानं ढळढळीत चूक केली, वजीर उघडा टाकला, तर ती घ्यायची नाही. "अहो, वजीर जातोय. बघा परत," असं म्हणायची. मला तरी दिसलं नाही तर एका बोटानं वजीर मागं सरकवून ठेवायची आणि माझी चाल मला परत द्यायची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आम्ही खेळलो तेव्हा मला राग आला होता. मी म्हटलं होतं, घे ना, चूक माझी आहे. ती म्हणाली, "चुकून मिळालेलं काय करायचंय मला. नीट खेळा, मग हरवते."

मी प्रोग्रॅम लिहिल्यावर ती दुपारी त्याच्याशी खेळायला लागली. खालच्या पातळीवर प्रोग्रॅम मधूनमधून मुद्दाम चुकतो. तसा तो चुकला नाही तर माणूस जिंकणारच नाही. तिला ते माहीत नव्हतं. एक दिवस ती मला म्हणाली, "हा वजीर टाकतोय. मी सांगते, तर ऐकत नाही." म्हणून मी बटण केलं. ते दाबलं की प्रोग्रॅम आपली शेवटची चाल मागं घेतो आणि पुन्हा विचार करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तो पुन्हा विचार करून पुन्हा तीच चाल खेळायचा. तिनं दाबलं, त्यानं वजीर तिथंच ठेवला. तिनं पुन्हा दाबलं, त्यानं पुन्हा ठेवला. असं बराच वेळ चाललं. मग तिनं आतून मला सांगितलं, "तुमच्यावरच गेलाय." नंतर मी ती दुरुस्ती केली.

एवढं मी सांगितलं. खाली गिरणीवर कुणीतरी दळण टाकलं, त्यामुळं शेवटचं वाक्य मला दोनदा सांगावं लागलं आणि दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

"तर आता सांगा," मी म्हटलं. "समोरच्याची चूक तुम्ही परत देणार?"

सर म्हणाले, "देईन की."

"मग खेळा एक डाव."

"आत्ता?"

"नियम दीपालीचा आहे. वापरणार म्हणालात, वापरून दाखवा."

दीपाली म्हणाली, काका, कशाला. मी लॅपटॉप सरांपुढं सरकवला आणि खालची पातळी लावली.

उपळेकर सर चांगले खेळाडू होते. राज्य पातळीवर खेळले होते. ते एका हातानं खेळत होते आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचं पीठ पुसत होते. थोड्याच खेळ्या झाल्या आणि प्रोग्रॅमनं हत्ती सरांच्या उंटाच्या तोंडी दिला. सरांचं बोट असं गेलं की मला दिसलंही नाही. हत्ती पटावरून गेला होता. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"सवय आहे हो, तगारे," ते म्हणाले.

"असणारच."

"हत्ती फुकट मिळत होता."

"मिळत होता."

दीपालीच्या हातात फडकं होतं, पण ती पुसेना. मी म्हटलं, पूस. ती म्हणाली, थांबा ना. मी म्हटलं, देशी नियम पुसले तेव्हा थांबली नाहीस. शेती अधिकाऱ्यांनाही घरचं कुणी होतं. ती फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, ती रडते की काय. पण ती विचार करत होती. ती विचार करतानाही तशीच दिसायची, अगदी शिकाऊ होती तेव्हापासून.

सर म्हणाले, "एक डाव अजून खेळतो."

मी म्हटलं, गरज नाही. ते म्हणाले, तुमच्यासाठी नाही, मी हरलोय असं मला वाटतंय आणि ते मला चालत नाही.

त्यांनी नवा डाव मांडला. या वेळी ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. त्यांच्या विद्यार्थ्यांना ते तसं बसायला लावायचे, घाई करू नये म्हणून. प्रोग्रॅम खेळला की ते पुढं वाकून बघायचे, ही चूक आहे का. पहिली चूक ढोबळ होती, घोडा उघडा. सरांनी हात काढला, बटण दाबलं, हात परत मांडीखाली. प्रोग्रॅम दुसरं काही खेळला. पुढं एक चाल त्यांनी परत दिली आणि मग त्यांचं त्यांनाच वाटलं की ती चूक नव्हती. ते स्वतःशी पुटपुटत होते. प्याद्याच्या एका खेळीपाशी ते इतका वेळ थांबले की दीपालीनं मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं. मी खांदे उडवले.

"अरे," सर म्हणाले. "याची चूक परत द्यायची तर ती चूक आहे हे आधी मला कळायला पाहिजे."

"हो."

"म्हणजे तो का खेळला ते प्रत्येक वेळी बघायला पाहिजे."

"शालन बघायची," मी म्हटलं.

सर लॅपटॉपवरून मागं झाले. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडं येणारी पोरं आपल्या मनात एक बेत धरून बसतात आणि समोरचा काय खेळला ते बघतच नाहीत. समोरचा का खेळला, समोरचा का खेळला, असं ते पोरांना रोज ओरडून सांगतात. गिरणीवर आवाज चढवून सांगावं लागतं, त्यामुळं रात्री घसा दुखतो, आणि बायको हळदीचं दूध देते. तरी पोरं बघत नाहीत. ही सेटिंग लावली तर बघावंच लागेल. न बघता परत काय देणार?

"ही मी वापरीन," ते म्हणाले. मघाशीही हेच म्हणाले होते, पण या वेळी माझ्याकडं बघून. "पोरांना रोज दहा मिनिटं हिच्यावर बसवीन. तुमच्यासाठी नाही तगारे, काकूंसाठी पण नाही. माझ्या घशासाठी."

मी म्हटलं, ठीक आहे.

दीपालीनं फडकं टेबलावर टाकलं आणि ओळीपुढं 'राहील' लिहिलं. अक्षर मोठं काढलं. मला बरं वाटलं. मी पाणी प्यायलो. ग्लासात पीठ होतं.

"आणि सुरुवातीला चालू," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

"बंद," मी म्हटलं.

ती वळली. "का? आता तर राहिलीय ना. प्रोग्रॅम उघडला की पहिल्यांदा काकूंचं बटण दिसू दे. सर, तुम्ही सांगा."

सर म्हणाले, पोरांसाठी चालू असलेलीच बरी, नाहीतर कुणी शोधून लावणार नाही. दोघांचं एकमत झालं होतं, आणि या वेळी ते दयेनं नव्हतं. मला हरकत घ्यायला जागा नव्हती. तरी मी म्हटलं, बंदच.

"पण का, काका?"

खाली आता जोरात दळण चालू होतं. बहुतेक हरभऱ्याचं, कारण आवाज जड होता. थांबून सांगावं असं मला वाटलं, पण गिरणी थांबायचं चिन्ह नव्हतं आणि दीपाली खडू धरून उभी होती. त्यामुळं ही गोष्ट मला ओरडून सांगावी लागली.

शालन शेवटी शेवटी पलंगावरच असायची. मिरजेच्या दवाखान्यातून आम्ही तिला घरी आणलं होतं, कारण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॉम्प्युटरपुढं बसायला तिला जमत नव्हतं. मी प्रवासातला छोटा लोहचुंबकाचा पट पलंगावर ठेवायचो आणि आम्ही खेळायचो. अर्धा डाव आज, अर्धा उद्या. माझं लक्ष नसायचं. मी औषधांच्या वेळा बघत असायचो. त्या दिवसांत मी खूप चुका करायचो आणि ती सगळ्या परत द्यायची. आवाज बारीक झाला होता, पण, "बघा परत," हे रोज व्हायचं.

एके दिवशी सकाळी मी वजीर तिच्या उंटाच्या वाटेत ठेवला. हात काढला आणि मलाच दिसलं. मी थांबलो. ती सांगेल म्हणून थांबलो. तिनं पटाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग उंट उचलला, वजीर घेतला आणि डबीच्या झाकणात ठेवला.

मला वाटलं, हिला आता दिसेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शेवटी भान कमी होईल.

"काय केलंत मग?" सरांनी ओरडून विचारलं.

"मी म्हटलं, शालन, वजीर होता तो."

"मग?"

"ती म्हणाली, दिसला मला."

दीपालीनं खडू खाली केला.

"मी विचारलं, परत नाही देणार? तर म्हणाली, किती दिवस देऊ. आता बघून खेळा."

मी पुढचंही सांगितलं, की तो डाव आम्ही पुरा केला आणि मी हरलो. वजीर गेल्यावर हरणारच. तिच्याकडून मी आधीही शेकडो डाव हरलो होतो, पण माझ्या स्वतःच्या चुकीनं तो एकच. त्यानंतर आम्ही खेळलो नाही.

"म्हणजे ती सेटिंग तिनंच बंद केलेली आहे," मी म्हटलं. "मी आता चालू कशी करू?"

दीपालीनं 'चालू'चा लिहून झालेला अर्धा शब्द बोटानं पुसला आणि 'बंद' लिहिलं. मग ती उरलेल्या ओळींकडं वळली. पटाचा रंग, सोंगट्यांची सावली, प्रोग्रॅमनं डाव सोडावा की नाही. ते सगळं भराभर झालं. चौकटीवरच्या सगळ्या ओळी गेल्या. दीपालीनं फळ्याचा फोटो काढला, चहा घ्यायला थांबली नाही, जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन माझ्या पाया पडून गेली. ती तसं कधी करत नसे.

सर सोंगट्या पुसत होते. त्यांनी विचारलं, एक डाव टाकायचा का. मला घरी जायची काही घाई नव्हती. आम्ही पट मांडला. गिरणी मधेच थांबली होती, बहुतेक पट्टा निसटला असावा, त्यामुळं सोंगट्या जागच्या जागी उभ्या होत्या.

सहा-सात खेळ्या झाल्या असतील. मी घोडा पुढं घेतला आणि त्याच्यामागचा माझा उंट उघडा पडला. सरांचा हात पटापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

"दिसला मला," मी म्हटलं. "घ्या."